संकेतस्थळावरील तोतये पाहुणे

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची कल्पना करा. दाराशीं एक वही ठेवलेली आहे. आंत येणाऱ्या प्रत्येकानें तींत आपलें नांव, आपण कोठून आलों, किती वाजतां आलों आणि कोणतें पुस्तक चाळलें, एवढें लिहावें असा नियम आहे. महिनाअखेर चिटणीस त्या वहींतील नांवें मोजतात, कार्यकारी मंडळापुढें आंकडा ठेवतात, आणि त्या आंकड्यावरून पुढील वर्षीं कोणतीं पुस्तकें घ्यावयाचीं, वाचनालय रविवारीं उघडें ठेवावयाचें कीं नाहीं, हें ठरतें. एका महिन्यांत मात्र वहींत नेहमींच्या तिप्पट नांवें निघतात. मंडळास आनंद होतो. पण ग्रंथपाल म्हणतो, "खुर्च्या तर रिकाम्याच होत्या!" आतां विश्वास वहीवर ठेवावा, कीं ग्रंथपालाच्या डोळ्यांवर?

आज ज्यांचें ज्यांचें म्हणून एखादें संकेतस्थळ आहे, त्या सर्वांपुढें हाच प्रश्न उभा आहे. आणि शाळा, पतपेढ्या, नाट्यसंस्था, दिवाळी अंकांचे प्रकाशक, लोणचीं-पापड विकणारे गृहोद्योग यांपैकीं पुष्कळांचें तें असतें. त्यांच्या दाराशींहि अशीच एक वही असते. फरक इतकाच कीं, तेथें ग्रंथपाल नाहीं आणि खुर्च्याहि दिसत नाहींत. जें कांहीं कळावयाचें तें त्या वहींतूनच. ही वही लिहिण्याची आणि वाचून दाखविण्याची जी व्यवस्था, तिला 'वेब ॲनालिटिक्स' असें नांव आहे. त्या वहींत खोटीं नांवें कोण लिहितो, कां लिहितो, आणि तीं निवडून बाहेर कशीं काढतात, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ही वही लिहिली कशी जाते तें पाहूं. तिच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली जुनी. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेलें असतें त्यास सर्व्हर म्हणतात. आपण घरीं बसून एखादें पान मागितलें कीं ती मागणी सर्व्हरकडे जाते, आणि तो पान धाडतांना आपल्या रोजनिशींत एक ओळ टिपून ठेवतो. मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, किती वाजतां आली, कोणतें पान मागितलें, मागणारा आपल्या ब्राउझरचें नांव काय सांगतो, आणि तो कोणत्या दुव्यावरून येथें आलों म्हणून म्हणतो, इतकें त्या ओळींत असतें. या शेवटच्या रकान्यास 'रेफरर' म्हणतात. गमतीची गोष्ट अशी कीं, महाजालावरील देवघेवीचे नियम सांगणारा जो दस्तऐवज १९९६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत या इंग्रजी शब्दांतील एक 'आर' गळालेला आहे. आणि पुढें जगांतील सर्व यंत्रांनीं तेंच रूप गिरविल्यामुळें ती चूक आजतागायत चालू आहे.

दुसरी तऱ्हा त्यानंतरची. तींत पानाच्या पोटांत जावास्क्रिप्ट भाषेंतील एक लहानशी आज्ञावली ठेवलेली असते. आपण तिला सोयीसाठीं चिठ्ठी म्हणूं. पान आपल्या ब्राउझरमध्यें उघडलें कीं ही चिठ्ठी जागी होते आणि मोजदाद करणाऱ्या कंपनीच्या संगणकास परस्पर निरोप धाडते: अमुक स्थळाचें अमुक पान कोणी तरी उघडलें आहे, त्याच्या पडद्याची रुंदी इतकी, त्याच्या ब्राउझरची भाषा अमुक, तो आला अमुक ठिकाणाहून. गूगल कंपनीनें २००५ च्या एप्रिलांत 'अर्चिन' ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत 'गूगल ॲनालिटिक्स' ही सेवा विनामूल्य खुली केली. तेव्हांपासून ही दुसरी तऱ्हा लहानसहान संस्थांपर्यंत पोंचली.

या दोन्ही तऱ्हांतील एक गोष्ट आपण मनांत पक्की धरावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे. ती ही कीं, वहींतील बहुतेक रकाने पाहुणा स्वतःच भरतो. ब्राउझरचें नांव तो सांगेल तें. भाषा तो सांगेल ती. कोठून आलों, हेंहि त्याच्याच तोंडचें. सर्व्हरला स्वतःच्या अधिकारानें कळतात त्या गोष्टी थोड्या: मागणीची वेळ, मागितलेलें पान, आणि उत्तर ज्या पत्त्यावर धाडावयाचें तो पत्ता. पत्ता साफ खोटा देऊन चालत नाहीं, कारण मग उत्तर पोंचणारच नाहीं. परंतु तो दुसऱ्याचा उसना मात्र घेतां येतो.

आपल्या इतिहासांत याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढें कांहीं वर्षांनीं 'मीच भाऊसाहेब' असें म्हणत एक इसम उभा राहिला. त्याच्या भोवतीं लोक जमले, बंड झालें, आणि अखेरीस १७७६ सालीं त्यास देहान्त शिक्षा झाली. तोतयाची परीक्षा करावयाची तर तो स्वतःविषयीं काय सांगतो याचा उपयोग थोडा. त्याच्या सांगण्याशीं बाहेरचा पुरावा जुळतो कीं नाहीं, हें पाहावें लागतें. संकेतस्थळावरील तोतये पाहुणे निवडण्याची सगळी विद्या हीच आहे.

पण कोणी खोटी भेट द्यावीच कशाला, असें आपण विचाराल. त्याचीं कारणें निरनिराळीं आहेत, आणि सर्वच कांहीं दुष्ट हेतूचीं नाहींत. शोध-यंत्रांचे जे प्रोग्रॅम रात्रंदिवस पानें वाचीत हिंडतात, त्यांना बॉट म्हणतात. ते नसते तर आपणांस कोणतेंहि पान सांपडलें नसतें. ते सभ्य आहेत, आपलें खरें नांव सांगतात. फक्त ते वाचक नव्हेत, इतकेंच. दुसरे बॉट मजकूर उपसून नेणारे. अलीकडे भाषा शिकणाऱ्या यंत्रांना खाद्य पुरविण्यासाठीं यांची संख्या फार वाढली आहे. तिसरे, कुलपें ढिलीं आहेत का, हें चांचपणारे. चौथे, स्वतःची जाहिरात करणारे. आणि पांचवे, जाहिरातींच्या पैशांवर डल्ला मारणारे. यांपैकीं चौथ्या आणि पांचव्या प्रकारांच्या दोन खऱ्या हकीकती मी आपणांस सांगणार आहें, कारण चाळण्या कशा घडत गेल्या तें त्यांवरून चांगलें कळतें.

वहींत खोटें नांव लिहून जाहिरात कशी होते? उत्तर सोपें आहे. वहीचा मालक ती वाचतो! सकाळीं उठून संपादक आपल्या स्थळाचा अहवाल उघडतो. 'पाहुणे कोठून आले' या रकान्यांत एक अनोळखी स्थळ दिसतें. तेथून म्हणे चाळीस जण आले. आपल्याविषयीं तेथें कोणी काय लिहिलें आहे, या कुतूहलानें तो त्या दुव्यावर जातो, आणि एखाद्या दुकानांत किंवा त्याहून वाईट जागीं जाऊन पडतो. २००० नंतरच्या पहिल्या दशकांत याला आणखी एक कारण होतें. कांहीं स्थळांच्या भेटींचे अहवाल कोणासहि पाहतां येतील असे उघडे असत. त्यांत आपला दुवा उमटला म्हणजे शोध-यंत्राच्या नजरेंत आपलें वजन वाढेल, अशी या मंडळींची आशा असे.

२०१४ ते २०१६ या काळांत या युक्तीनें मोठें रूप घेतलें. त्या वेळच्या गूगल ॲनालिटिक्समध्यें प्रत्येक स्थळास एक क्रमांक असे. त्याचा आरंभ इंग्रजी 'यू-ए' या अक्षरांनीं होई आणि पुढें आंकडे असत. याशिवाय गूगलनें एक सोय ठेविली होती: दुकानांतील बिलाचें यंत्र किंवा मोबाइलमधील कार्यक्रम, म्हणजे जेथें ब्राउझर नाहीं अशा ठिकाणाहूनहि, ठराविक नमुन्यांत निरोप धाडून भेट नोंदवितां यावी. सोय चांगली होती; पण निरोप धाडणाऱ्याकडे कसलीहि किल्ली मागितली जात नव्हती. क्रमांक ठाऊक असला कीं पुरे. आणि क्रमांक ठाऊक नसला तरी अडत नव्हतें, कारण आंकडे एकामागून एक मोजीत गेलें म्हणजे कोणाचा ना कोणाचा तरी लागायचाच. एखाद्यानें गांवांतील घरांची माहिती नसतांना एक ते दहा हजार घरक्रमांक लिहून प्रत्येकास एक एक पत्र टाकावें, तसाच हा प्रकार.

याचा परिणाम चमत्कारिक झाला. जे कधीं स्थळावर आलेच नाहींत अशांच्या भेटी वहींत पडूं लागल्या. सर्व्हरची रोजनिशी पाहावी तर तिच्यांत त्यांचा मागमूस नाहीं. अहवालांत मात्र पाहुण्यांची रीघ. लोकांनीं त्यांना 'भुतें' असेंच नांव दिलें. त्या सुमारास जगांतील असंख्य लहान स्थळांच्या मालकांस आपले वाचक रशियांतील समारा या शहरीं आहेत असें दिसूं लागलें. निरोपांत पाहुण्याचा पत्ता व प्रदेशहि धाडणाऱ्यासच लिहितां येत असे, तेव्हां शहराच्या नांवासहि फारसा अर्थ नव्हता. ज्या स्थळास दिवसाकाठीं लाखों लोक भेट देतात त्याला शंभर भुतांचें काय? परंतु ज्याचे रोजचे वाचक ऐंशीच आहेत, त्याचा सगळा हिशेबच उलटतो. लहानाला मोठ्यापेक्षां जास्त बाधणारी अशी ही खोड होती.

२०१६ च्या नोव्हेंबरांत तर कळस झाला. अमेरिकेंतील अध्यक्षीय निवडणुकीचे ते दिवस होते. पाहुण्यांच्या 'भाषा' या रकान्यांत, जेथें मराठी, हिंदी, इंग्रजी असें कांहीं असावयाचें, तेथें एक सबंध वाक्य उमटलें: एका गुप्त स्थळाचें आमंत्रण, आणि शेवटीं ट्रंप यांना मत देण्याची आरोळी. त्या स्थळाचें नांव वरवर गूगलचेंच वाटे. पण त्यांतील 'जी' हें अक्षर नेहमींचें नव्हतें. त्याच्यासारखें दिसणारें दुसरेंच एक अक्षर तेथें बसविलेलें होतें. रकाना पाहुणाच भरतो, हें जें मी आरंभीं सांगितलें, त्याचा याहून उघड पुरावा कोणता पाहिजे?

आतां चाळण्यांकडे वळूं. धान्य निवडतांना गृहिणी एकाच चाळणीवर भिस्त ठेवीत नाहीं. आधीं ती मोठ्या भोकांच्या चाळणीनें काडी-कचरा काढते, मग सुपानें पाखडते, आणि शेवटीं ताटांत घेऊन खडा हातानें वेंचते. येथेंहि क्रम तसाच आहे.

पहिली चाळण नांवांची. जे बॉट आपलें नांव खरें सांगतात त्यांची यादी केली कीं त्यांच्या भेटी वगळतां येतात. महाजालावर या सभ्यतेची परंपरा जुनी आहे. १९९४ सालीं मार्टिन कोस्टर यांनीं अशी सूचना मांडली कीं, प्रत्येक स्थळानें आपल्या दाराशीं एक छोटी फाइल ठेवावी आणि बॉटांनीं कोठें यावें, कोठें येऊं नये, हें तींत सांगावें. बहुतेकांनीं ती स्वखुशीनें पाळली. तिला रीतसर मानकाचें रूप मिळावयास मात्र २०२२ साल उजाडलें. ज्ञात बॉटांची एक आंतरराष्ट्रीय यादी जाहिरात-व्यवसायाच्या आयएबी या संघटनेकडून ठेवली जाते, आणि ती वारंवार सुधारली जाते. २०१४ च्या जुलैअखेर गूगल ॲनालिटिक्सनें मालकांना एक चौकट दिली. तींत खूण केली कीं या यादींतील सर्व बॉट आपोआप गळत. मॅटोमो या मुक्त प्रणालीच्या मंडळींनीं, तिचें नांव त्या वेळीं पिविक होतें, २०१५ सालीं खोट्या रेफररांची एक यादी सर्वांसाठीं खुली केली. कोणासहि नवें खोटें नांव आढळलें तर त्यानें तें सुचवावें, इतरांनीं पाहावें आणि यादींत घालावें, अशी ही सहकारी रीत आहे.

परंतु नांवांची चाळण कितीहि बारीक केली तरी तिच्या मर्यादा उघड आहेत. नवें नांव घेऊन येणाऱ्यास ती अडवीत नाहीं, आणि दुसऱ्याचें चांगलें नांव घेऊन येणाऱ्यास तर मुळींच नाहीं. म्हणून दुसरी चाळण पडताळ्याची. समजा, एक पाहुणा म्हणाला, "मी गूगलचा बॉट." ठीक. ज्या पत्त्यावरून तो आला तो पत्ता कोणाच्या नांवावर नोंदलेला आहे, हें महाजालाच्या नोंदवहींत विचारावयाचें. तेथून मिळालेलें नांव गूगलच्याच मालकीचें निघालें, तर त्या नांवावरून उलट पत्ता विचारावयाचा. दोन्ही उत्तरें जुळलीं तर पाहुणा खरा. न जुळलीं तर तोतया.

भुतांसाठीं जो पडताळा सांपडला तो याहून सोपा आणि अधिक मार्मिक होता. प्रत्येक निरोपांत 'मी कोणत्या स्थळावर आलों' असाहि एक रकाना असतो. खरा वाचक ज्या पानावर आला त्या पानाचेंच स्थळ तेथें आपोआप उमटतें. भूत मात्र क्रमांक अंदाजानें मारीत असतें. तो क्रमांक कोणाचा, हें त्याचें त्यालाच ठाऊक नसतें. म्हणून तें तो रकाना रिकामा सोडतें, किंवा भलतेंच नांव टाकतें. मालकानें एवढाच नियम करावयाचा कीं, ज्या भेटींत माझ्याच स्थळाचें नांव असेल तीच धरावी, बाकीच्या सोडाव्या. रोज नव्या शत्रूचें नांव यादींत चढविण्याऐवजीं आपलें स्वतःचें घर ओळखावयाचें, हा यांतला फरक आहे. शत्रु हजार असतात. आपलें घर एकच असतें.

पुढें मूळ भोकहि बुजविण्याचा प्रयत्न झाला. गूगलनें २०२० च्या ऑक्टोबरांत नवी प्रणाली आणिली, आणि जुनीनें २०२३ च्या १ जुलैपासून नोंदी घेणें थांबविलें. नव्या प्रणालींत ब्राउझराबाहेरून निरोप धाडावयाचा तर गुप्त किल्ली लागते. पण याहि कुलपास एक फट आहेच. पानाच्या पोटांतील चिठ्ठी जो निरोप धाडते त्याला किल्ली लावतां येत नाहीं, कारण पान सर्वांसाठीं उघडें. त्यांत ठेवलेली किल्ली कोणालाहि दिसणार. म्हणून चिठ्ठीची हुबेहूब नक्कल करणारास अडविणें कठीण. २०२४ च्या आरंभीं या नव्या प्रणालींतहि खोट्या रेफररांची एक लाट येऊन गेलीच.

तिसरी चाळण वागणुकीची. येथें नांव-गांव विचारावयाचेंच नाहीं. पाहुणा कसा वागतो तें पाहावयाचें. जो मिनिटांत दोनशें पानें उघडतो तो वाचीत नाहीं. जो बरोबर दर तीस सेकंदांनीं येतो तो माणूस नसावा. माणसांच्या वर्दळीला दिवसाचा एक चढउतार असतो: सकाळीं चहाच्या वेळीं ती वाढते, दुपारीं निवळते, रात्रीं जेवणानंतर पुन्हां चढते, पहाटे तीन वाजतां जवळजवळ थांबते. यंत्राला झोंप नाहीं. शिवाय घरगुती पत्ता वेगळा आणि ज्या प्रचंड इमारतींत हजारों सर्व्हर ठेवलेले असतात तेथला पत्ता वेगळा. तेथून येणारा पाहुणा घरीं आरामखुर्चींत बसून कथा वाचीत आहे, हें संभवत नाहीं. पूर्वीं एक गोष्ट फार उपयोगी पडे: साध्या बॉटांना जावास्क्रिप्टची चिठ्ठी वाचतांच येत नसे, त्यामुळें त्यांची नोंदच होत नसे. पण आतां पडद्यावांचून चालणारे पूर्ण ब्राउझर कोणासहि मिळतात. क्रोममध्येंच ती सोय २०१७ सालीं आली. त्यामुळें ती भिंत पडल्यासारखीच आहे.

वागणुकीची नक्कलहि किती पराकोटीला जाऊं शकते, याची दुसरी हकीकत आतां ऐका. २०१६ च्या डिसेंबरांत 'मेथबॉट' नांवाचें एक कारस्थान उघडकीस आलें, आणि २०१८ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कमधील सरकारी वकिलांनीं त्याचें आरोपपत्र प्रसिद्ध केलें. त्यांत म्हटल्याप्रमाणें, या मंडळींनीं डॅलस शहरीं व इतरत्र १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्यानें घेतले. पांच हजारांहून अधिक स्थळांचा खोटा देखावा उभा केला. तेथें पाहुणे म्हणून येणारे प्रोग्रॅम खोटा उंदीर पडद्यावर फिरवीत, पान हळूहळू खालीं सरकवीत, चित्रफीत लावून मध्येंच थांबवीत, आपण फेसबुकमध्यें दाखल झालों आहों असें भासवीत! सर्व्हरच्या इमारतीचा पत्ता ओळखला जाऊं नये म्हणून साडेसहा लाखांहून अधिक पत्ते भाड्यानें घेऊन ते घरगुती ग्राहकांचे आहेत अशा खोट्या नोंदी केलेल्या होत्या. जाहिरातदारांनीं सत्तर लाख डॉलरांहून अधिक रक्कम अशा जाहिरातींसाठीं मोजली, कीं ज्या एकाहि माणसानें पाहिल्या नाहींत. मुख्य सूत्रधारास २०२१ सालीं दहा वर्षांची शिक्षा झाली. या धंद्यांतील जाणते म्हणूनच खोट्या वर्दळीचे दोन वर्ग करतात: एक साधी, जी यादीनें व ठोकळ नियमांनीं गळते; आणि दुसरी कसबी, जिच्यासाठीं अनेक पुरावे एकत्र ठेवून, कधीं कधीं माणसानें डोळ्यांत तेल घालून, तपास करावा लागतो.

श्रोतेहो, येथवर ऐकून आपणांस वाटेल कीं, चाळण जितकी बारीक तितकी चांगली. मला सांगावयाचें आहे तें नेमकें याच्या उलट बाजूचें. प्रत्येक चाळण दोन प्रकारें चुकूं शकते. खडा आंत राहतो ही एक चूक. पण दाणा बाहेर पडतो ही दुसरी. पहिली चूक डोळ्यांना दिसते, कारण खडा दाताखालीं येतो. दुसरी दिसत नाहीं. जो वाचक खरा असून वहींतून खोडला गेला, तो तक्रार करावयास येत नाहीं. आपण खोडलों गेलों हें त्यास ठाऊकच नसतें.

हीं उदाहरणें पाहा. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागें पुष्कळ ग्राहकांस ठेवतात. बाहेरून पाहणाऱ्यास एकाच पत्त्यावरून क्षणोक्षणीं मागण्या येतांना दिसतात, आणि वागणुकीची कठोर चाळण त्या सर्वांस यंत्र ठरवूं शकते. वस्तुतः ते लोकलगाडींतून घरीं परतणारे वेगवेगळे प्रवासी असतील. आपली गोपनीयता राखण्यासाठीं जे मध्यस्थ सेवेमार्फत येतात, त्यांचा पत्ता सर्व्हरच्या इमारतींतला दिसतो, तेहि संशयित. एखाद्या मराठी मासिकाच्या चालकानें भुतांना कंटाळून असा नियम केला कीं, भारताबाहेरील सर्व भेटी वगळाव्या, तर शिकागोचा, लंडनचा, मेलबर्नचा मराठी वाचक एका फटक्यांत नाहींसा होतो. आणि कित्येकदां तोच अधिक जिव्हाळ्यानें वाचणारा असतो. तसेंच, वर्दळ एकाएकीं तिप्पट झाली म्हणजे ती खोटीच, असेंहि नाहीं. दिवाळीच्या आठवड्यांत पाककृतींच्या पानावर गर्दी व्हावयाचीच. आणि याच्या भरीला, अनेक वाचक आपल्या ब्राउझरमध्यें ती चिठ्ठीच बंद करून ठेवतात. ते येतात, वाचतात, जातात. वहींत मात्र त्यांचें नांव नाहीं. तेव्हां वहींतील आंकडा एका बाजूनें फुगलेला असतो आणि दुसऱ्या बाजूनें खंगलेला.

म्हणून मला महत्त्वाचा प्रश्न वाटतो तो चाळण किती बारीक हा नव्हे, तर चाळून टाकलेलें आपणांस पाहतां येतें कीं नाहीं, हा. पूर्वीं खूण करावयाची चौकट मालकाच्या हातीं होती. गूगलच्या नव्या प्रणालींत ज्ञात बॉटांची वर्दळ आपोआप वगळली जाते. तें वगळणें थांबवितां येत नाहीं आणि किती वगळली हेंहि पाहतां येत नाहीं, असें त्या कंपनीच्याच मदतीच्या पानावर सांगितलेलें आहे. यांत लबाडी आहे असें मी म्हणत नाहीं. चाळणीचे नियम उघड केले तर तोतये ते शिकतील, ही अडचण खरी आहे. आणि सामान्य मालकाचे श्रम वांचतात हेंहि खरें. परंतु गिरणीवाल्यानें निवडून दळून दिलेल्या पिठावरून मूळ धान्य कसें होतें हें सांगतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

मग लहान संस्थेनें काय करावें? माझ्या मतें चार गोष्टी पुरेशा आहेत. पहिली: सर्व्हरची मूळ रोजनिशी, न चाळलेली, कांहीं काळ तरी जपून ठेवावी. तींत वाचकांचे पत्ते असतात, म्हणून ती चारचौघांत उघडी टाकूं नये आणि काम होतांच नष्ट करावी. पण संशय आला तर ताडून पाहण्यास तीच उपयोगी पडते. भूत रोजनिशींत सांपडत नाहीं, हें आपण पाहिलेंच. दुसरी: कोणताहि नियम एकदम सगळ्या हिशेबास लावूं नये. शेजारीं एक कोरी प्रत ठेवून दोन्ही आंकडे महिनाभर ताडून पाहावे, म्हणजे चाळणींतून काय पडलें तें कळेल. तिसरी: अहवालांत दिसलेल्या अनोळखी दुव्यावर कुतूहलानें जाऊं नये, त्याच कुतूहलावर तो सारा व्यापार चालतो. चौथी, आणि माझ्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची: वहीबाहेरचा एक तरी साक्षीदार ठेवावा. किती वर्गणीदारांनीं वर्गणी भरली, किती जणांचीं पत्रें आलीं, नाटकाच्या किती तिकिटांची विक्री झाली, किती बरण्या लोणचें गेलें, हे आंकडे लहान असतील, पण ते खोटे लिहिणें महाग पडतें. आणि ज्या नोंदीस खोटेपणा महाग पडतो तीच नोंद अधिक विश्वासाची.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाहीं, असें मला वाटतें तें याचसाठीं. समजा, एका मासिकाच्या संकेतस्थळावर दोन सदरें आहेत. एक जुन्या शब्दांच्या व्युत्पत्तीचें, आणि त्याला ऐंशी वाचक आहेत. पण ते ऐंशींच्या ऐंशी खरे. दुसऱ्यास आठशें भेटी आहेत, आणि त्यांतल्या सातशें कोठल्याशा सर्व्हरवरून आलेल्या. पैशांची ओढाताण होऊन एक सदर बंद करावें लागलें, तर संपादक वहीकडे पाहून कोणतें बंद करील? ज्यानें वर्षभर खपून तें पहिलें सदर लिहिलें, त्या लेखकास आपण कोणत्या पुराव्यावर घरीं पाठविलें, हें कधीं कळणारहि नाहीं. तोतयानें कोणाचेंहि घर लुटलें नाहीं. त्यानें केवळ एका वहींत चार ओळी लिहिल्या. पण त्या ओळी वाचून निर्णय मात्र माणसें घेतात, आणि त्याचे परिणाम माणसांनाच भोगावे लागतात.

आरंभीं ज्या वाचनालयाची कल्पना केली, तेथील ग्रंथपालाची आठवण आपण ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे. वही टाकून द्यावी असें मी म्हणत नाहीं. तिच्यावांचून चालणार नाहीं. पण आंकडा पुढें आला म्हणजे एकदां मान वर करून विचारावें, कीं खुर्च्यांवर कोणी बसलें होतें काय?